मदर यूनिसचं डोकं कुणी बांधायचं

कतारमध्ये आमचा रविवार शुक्रवारी येतो. सुट्टीच शुक्रवारी, मग देवाला तरी दोन दिवस कशाला ताटकळत ठेवा? त्यामुळे गुरुवारी आमच्या दुकानात नुसती धुमश्चक्री. कुणाची बाही राहिलेली, कुणाचं हुक, कुणाच्या पोरीचा फ्रॉक रातोरात आखूड झालेला. इस्माईलभाई, आमचे मालक, पुढच्या काउंटरवरून सगळ्यांना एकच उत्तर देतात, "शामको मिलेगा, इन्शाल्ला." जुन्या गिऱ्हाइकांना त्यातला इन्शाल्ला बरोबर ऐकू येतो आणि त्या पर्स मांडीवर घेऊन तिथेच बसून राहतात.

दुकान शहरातल्या अल हिलाल भागात. इस्माईलभाई रत्नागिरीचे, ते पुढे अबाया आणि पडद्यांची कामं बघतात, आणि मागे, पडद्याआड, बायकांची मापं घ्यायला मी. माझे मिस्टर इथे एसी दुरुस्तीच्या कामाला होते, त्यांच्यामागे मी नगरहून आले. शिवणाचा क्लास बिस काही केलेला नाही. जुना ब्लाउज उसवायचा, त्याचे तुकडे फरशीवर मांडायचे आणि तो अंगावर कसा उभा राहत होता ते बघत बसायचं, एवढीच माझी शाळा. मी ख्रिस्ती आहे असं कळल्यावर चर्चच्या बायका यायला लागल्या, आणि हळूहळू देवाच्या दारी घालायचे कपडे हेच माझं खातं होऊन बसलं.

शहराबाहेर एका कुंपणाच्या आत इथली सगळी चर्चेस आहेत. बाहेरून क्रॉस दिसत नाही. आत गेलात की एका हॉलमधून मल्याळम ऐकू येतं, शेजारी फिलिपिनो गिटार, पलीकडे आफ्रिकेचे ढोल. देव एकच, पण प्रत्येकाचा शिंपी वेगळा पाहिजे. केरळच्या म्हाताऱ्यांना नेसूच्या मागे पंख्यासारख्या चुण्या हव्यात. नायजेरियाच्या बायका एकाच ताग्यातलं कापड घेऊन घोळक्याने येतात, पण प्रत्येकीला डिझाइन वेगळं हवं असतं आणि ते दुसरीला कळलेलं चालत नाही. आणि मोठ्या माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात त्यांचे झगे! लोकांना वाटतं, पांढरा झगा तो, त्यात काय शिवायचं. पहिला झगा मी तसाच शिवून दिला. ती बाई हौदात उतरली आणि झगा छत्रीसारखा वर आला. पाळक बिचारे आकाशाकडे बघत प्रार्थना म्हणत राहिले. तेव्हापासून पडद्याच्या तळाला घालतात ती शिशाची वजनं मी झग्याच्या घेरात शिवते.

आणि हो, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तयार फेटे आणि शिवलेल्या नऊवाऱ्या, त्याही माझ्याच. इथे पोरांना फेटा बांधून देणारं कोणी नाही, म्हणून टोपीसारखा डोक्यावर ठेवला की झाला. इस्माईलभाई म्हणतात, मुसलमानाच्या दुकानात ख्रिस्ती बाई गणपतीचे फेटे शिवते, आता राहिलं काय?

जॅनेल अशाच एका गुरुवारी आली. उंच, काळीसावळी, ऑफिसच्या कपड्यात, गळ्यात कंपनीचं कार्ड. ती त्रिनिदादची. आपल्याला क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज ठाऊक असतं, त्यातलंच ते बेट. तिथेही जमिनीखाली गॅस आहे, म्हणून तिथले इंजिनियर इकडे येतात. तिने एका कागदावर मापं लिहून आणली होती. आईसाठी लांब पांढरा गाऊन, गळ्याशी लेस, साधा, चर्चमधल्या बाईला शोभेल असा. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, एका विशेष प्रार्थनेसाठी, आणि नजर दुसरीकडे नेली. एवढ्या वर्षांत ती नजर मला ओळखता येते. शेवटचा कपडा मागणारं माणूस कधी सरळ सांगत नाही.

मी म्हटलं, दुसऱ्याने लिहिलेल्या मापावर मी शिवत नाही. आजारी माणसाचं अंग तर रोज बदलतं. मी येते घरी.

लुसैल भागात त्यांचा फ्लॅट खूप वरच्या मजल्यावर होता. काचेतून समुद्र, खाली ट्राम खेळण्यासारखी. तिची आई, मदर यूनिस, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पोटात कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिकडे बघणारं कोणी उरलं नाही म्हणून लेकीने इकडे आणलेलं. खिडकीत पितळेचं एक भांडं होतं, पाण्यात पिवळी फुलं. माझी नजर तिकडे गेली तशा त्या म्हणाल्या, "लोटा."

मी चमकले. "लोटा? हा शब्द तर आमचा."

त्या हसल्या. त्यांच्या गावात इंग्रजांनी उसाच्या शेतात राबायला जहाजं भरभरून हिंदुस्थानातली माणसं आणली होती. त्यांच्या आजीच्या शेजारी ओढणी घेणारी एक बाई राहायची. आजीला प्रार्थनेला भांडं नव्हतं, तिने आपला लोटा दिला. तेव्हापासून त्यांच्याकडे पाणी, फुलं, मेणबत्ती आणि हातातली घंटा असल्याशिवाय प्रार्थना होत नाही. मला सहासष्टाव्या वर्षी 'चाइल्ड' म्हणणारी ती एकटीच बाई. म्हणाल्या, "चाइल्ड, शेजारणीच्या लोट्यातून देव आला तर त्याला काय परत पाठवायचं?"

जॅनेल कॉफी करायला आत गेली होती. मी छातीचं माप घेत होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात सांगितलं की पांढरं नको. पांढरं नव्याने बाप्तिस्मा घेणारीला घालतात. त्या तर त्यांच्या मंडळीच्या मदर, म्हणजे सगळ्यांच्या वडीलधाऱ्या. त्यांचा रंग तपकिरी, आणि डोक्याला निळं.

मी आपली धंद्याची बाई. विचारलं, कोणता तपकिरी, सँपल आहे का? त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. मग सांगितलं. त्यांच्याकडे माणूस डोळ्यांवर कापडाच्या पट्ट्या बांधून, उपास करून, कित्येक दिवस जमिनीवर पडून राहतं. बाकीच्या बाया भोवती गातात. त्या पडण्यात आत्मा प्रवास करतो, आणि तिथे रंग मिळतो. निवडायचा नसतो. तरुणपणी त्या पडल्या तेव्हा त्यांना ओल्या मातीची वाट दिसली आणि तिच्या टोकाला निळं पाणी. "जमिनीतून कंद उपटल्यावर खालची माती असते ना, तसा तपकिरी," म्हणाल्या. सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, हा रंग मागायचा कसा, या विचारात मी टेप गुंडाळला.

नंतरच्या भेटींमध्ये, माप पुन्हा तपासायच्या निमित्ताने, बाकीचं कळलं. त्या लहान असताना तिथल्या इंग्रज सरकारने या प्रार्थनेवर बंदीच घातलेली होती. घंटा वाजवायची नाही, डोकं बांधून मोठ्याने गायचं नाही. इंग्रजी चर्चचा देव शांत बसणारा, ऑर्गनवर येणारा. हे जे काही घुमणं आणि टाळ्या, ते रानटी. त्यांच्या आईला नदीकाठी बाप्तिस्म्याच्या वेळी पोलिसांनी धरून नेलं आणि चौकीत तिच्या डोक्याचं कापड ओढून काढलं. पुढे बंदी उठली. पण चांगली शाळा इंग्रजांच्या मोठ्या चर्चची, तिथे मोठ्या चर्चचा बाप्तिस्मा लागे. म्हणून मदर यूनिसनी जॅनेलला तिकडे नेऊन तिच्या कपाळावर पाणी घालून घेतलं. पोरगी शिकावी म्हणून. पोरगी शिकली, आणि त्याच चर्चची झाली.

मी घरी येऊन त्या रात्री जेवले नाही. आमचं काय वेगळं आहे हो? नगरच्या मिशनच्या आवारात माझ्या आजीचं लग्न लागलं ते पांढऱ्या पातळात, कारण मिशनच्या गोऱ्या मॅडमच्या देशात नवरी पांढरं नेसते. आजीची आई मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून रडत होती. तिच्या लेखी पांढरं म्हणजे कुंकू पुसलेलं. मॅडमना वाटलं, आनंदाचे अश्रू. त्यांनी जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला म्हणे. पण त्याच मॅडमनी आजीला अक्षर शिकवलं. आजी शिकली म्हणून आई शिकली, आणि म्हणून मी हे आज तुम्हाला लिहून सांगते आहे. मग त्या मॅडमना मी काय म्हणू? शिव्या द्यायला तोंड उघडलं की तोंडातले शब्द त्यांनीच दिलेले.

आईला तिचाच रंग का नको, असं जॅनेलला मी विचारलं. दुकानात, पडद्याआड, स्टुलावर बसवून. ती चिडली नाही, उलट थकल्यासारखी बोलायला लागली. शाळेच्या रस्त्यावर तिच्या आईची मंडळी कोपऱ्यावर उभी राहून घंटा वाजवायची. वर्गातल्या मुली त्या घंटेची नक्कल करत बाकावर चमचा आपटून तिच्याकडे बघायच्या. एकदा आई डबा द्यायला डोकं बांधून शाळेत आली, तर जॅनेलने बाईंना सांगितलं की ही आमच्याकडे कामाला आहे.

"आणि आंटी, माझ्या आईने ते ऐकलं. डबा ठेवला, बाईंना गुड मॉर्निंग म्हणाली आणि गेली. घरी एक शब्द बोलली नाही."

मग म्हणाली की तिला सगळं नीट पार पाडायचंय. इथल्या चर्चमध्ये ती क्वायरमध्ये गाते, ऑफिसचे लोक येतील, पाळक येतील. पांढरंच शिव.

बाहेरून इस्माईलभाईंनी सगळं ऐकलं होतं. ती गेल्यावर म्हणाले, "ताई, कस्टमर सांगेल तसा कपडा शिवायचा. कुणाचा धर्म शिवायला बसायचं नाय." मी म्हटलं, बरं. पांढरा गाऊन शिवला, लेस लावली. आणि सूकमध्ये हिंडून हिंडून ओल्या मातीच्या रंगाचं सुती कापड आणलं, त्याचाही गाऊन शिवला. आता मला सांगा, ऑर्डर देणारी एक आणि घालणारी दुसरी असली तर कापड कुणाचं ऐकणार?

निळ्याचं मात्र मी माझ्या पद्धतीने केलं. वाटलं, आजारी बाई, हात थरथरतात, इथे डोकं बांधणारी कुणी नाही. तेव्हा फेट्यासारखंच तयार करून टाकू. आतून कॅनव्हास, मागे इलॅस्टिक, पुढे सुंदर गाठ बसवलेली. माझ्या मनासारखं झालं होतं. कौतुकाने नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते उचललं. आत मूठ घालून फिरवून पाहिलं. गाठ चाचपली.

"छान केलंस, चाइल्ड," म्हणाल्या. "पण हे कुणाचं डोकं आहे?"

मला समजेना. मग त्यांनी समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. डोकं बांधून घ्यायचं असतं, टोपीसारखं घालायचं नसतं. जी बांधते ती बांधताना प्रार्थना म्हणते, तिच्या हातांची ऊब कपाळाला लागते. "देव काय, मी बोडकी गेले तरी मला आत घेईल. त्याची मला भीती नाही. पण मला इथून कुणीतरी पाठवलं पाहिजे."

जॅनेल लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मदर यूनिसनी तिला हाक मारली. आवाज साधाच. "ये ना इकडे. तुला शिकवते. माझे हात अजून चालतात तोवर. मी गेले की तू बांध, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

जॅनेलने वर पाहिलं. मला वाटलं ती उठेल. खुर्ची थोडी सरकलीसुद्धा. मग म्हणाली, "ममी, आत्ता मीटिंग आहे. वीकेंडला बघू."

"बरं," मदर यूनिस म्हणाल्या. मी गाठ उसवायला घेतली. कॅनव्हास काढलं, इलॅस्टिक काढलं. निळं कापड पुन्हा नुसतं लांब कापड झालं. ते इस्त्री करून, घडी घालून मी त्यांच्या उशाशी ठेवलं.

तो वीकेंड आला आणि गेला. पुढच्या वेळी गेले तर त्यांची बोटं सुजून केळ्यासारखी झालेली, पेलाही धरवत नव्हता. मग हॉस्पिटल. मी मेट्रो बदलून भेटायला जायचे. त्या बहुतेक झोपेतच असत. एकदा डोळे उघडून म्हणाल्या, ती रागावली तर नाही ना माझ्यावर? मी म्हटलं, नाही हो मदर, कामात असते पोर. त्या म्हणाल्या, "शाळेत घातलं मी तिला." आणि पुन्हा डोळे मिटले. त्या वाक्यात अभिमान होता की दुसरं काही, मला अजून ठरवता येत नाही.

त्या गेल्या तेव्हा जॅनेलचा फोन मला आला, पाळकांच्याही आधी. आवाज अगदी ऑफिसातला. देह विमानाने त्रिनिदादला न्यायचा, कागदपत्रं चालू आहेत, कपडे घालायला घरच्यांना थोडा वेळ देणार आहेत. मग म्हणाली, "आंटी, तो ब्राऊन तू शिवला होतास ना? मला माहितेय तू शिवलास."

हॉस्पिटलच्या शवागाराची खोली थंडगार. एक फिलिपिनो नर्स मदतीला होती. जॅनेलच्या हातात दोन पिशव्या होत्या, पांढऱ्या गाऊनची तिने भिंतीशी ठेवली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. आम्ही तिघींनी मिळून तपकिरी घातला. मेलेल्या माणसाला कपडा घालताना मागून उभा चिरून घेतात, म्हणजे हात मोडावे लागत नाहीत. मी कात्री घेऊन तयार होते. जॅनेल म्हणाली, कापू नको. मग आम्ही कितीतरी वेळ लावून, हळूहळू, एकेक बाही चढवली.

मग तिने निळं घेतलं.

तिला येत नव्हतं. कसं येणार? एकदा गुंडाळलं, ते कपाळावरून घसरलं. दुसऱ्यांदा मागे सगळं जमा झालं. केस इतके विरळ झाले होते की धरायला काही नव्हतंच. ती "सॉरी ममी, सॉरी" म्हणत होती आणि पुन्हा सोडत होती. माझी बोटं शिवशिवत होती. आयुष्यभर फेटे, पगड्या, ओढण्या केलेली मी, एका झटक्यात बांधून दिलं असतं. मी दोन्ही हात काखेत घालून उभी राहिले. शेवटी कसंतरी बसलं. एक कान झाकलेला, एक उघडा, गाठ डावीकडे कललेली. तिने कपाळ टेकून काहीतरी म्हटलं, मोठ्या चर्चचीच प्रार्थना असेल, तिला दुसरी कुठली ठाऊक होती?

नर्स म्हणाली, खूप सुंदर दिसतात. फिलिपिनो मुली फार दयाळू असतात.

जॅनेल आईबरोबर गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. दुकानात आली तेव्हा गुरुवार नव्हता, गर्दी नव्हती. सरळ पडद्याआड येऊन स्टुलावर बसली. मी चहा मागवला. तिने पर्समधून एक घडी काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली. आपलंच निळं कापड.

मग तिनेच सांगितलं. तिकडे पोचल्यावर आईच्या मंडळीच्या म्हाताऱ्या आल्या. घंटा, मेणबत्ती, लोटा सगळं घेऊन. शवपेटी उघडली. तपकिरी बघून त्या खूश झाल्या, कुणी शिवलं विचारलं. मग डोक्याकडे पाहिलं. सगळ्यांत मोठी होती तिने विचारलं, हे कुणी बांधलं? जॅनेल म्हणाली, मी. त्यांनी विचारलं, तू डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलीस का कधी? तुझा बाप्तिस्मा आमच्या पाण्यात झालाय का? ती म्हणाली, नाही. त्या म्हातारीने तिच्या गालाला हात लावला. प्रेमानेच. म्हणाली, "बाळ, मदरला अशी पाठवता येत नाही." आणि तिची गाठ सोडली. दुसरं निळं त्यांनी आणलंच होतं. हे घडी करून तिच्या हातात दिलं.

"त्यांचं बरोबर होतं," जॅनेल म्हणाली. "नियम तोच आहे. पण आंटी, ममीला तर माहीत होतं ना नियम काय आहे ते? तरी तिने मलाच सांगितलं होतं."

मी पाळक नाही. मला एवढंच वाटलं की मदर यूनिसनी मरताना आपला एक नियम लेकीसाठी मोडायचं ठरवलं असावं, आणि लेक सोडली तर त्याला साक्षीदार मी एकटीच होते. नगरची एक शिंपीण त्रिनिदादच्या म्हाताऱ्यांना हे कुठल्या तोंडाने आणि कुठल्या भाषेत सांगणार? मी जॅनेलला ते सांगितलं. तिला त्याने बरं वाटलं असं मला वाटत नाही.

मग नेहमीप्रमाणे मी धंद्याचं बोलले, दुसरं येतच नाही. विचारलं, यातून काही शिवून देऊ का? स्कार्फ, उशीचा अभ्रा, काहीही?

"नको," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या बांधत होत्या तेव्हा मी बघत होते. मधली बाजू आधी कपाळावर धरतात, मग दोन्ही टोकं मागे." ती उठली. मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. माझा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चष्मा नसल्यावर मला आरशात निळ्याशिवाय फारसं दिसत नाही. तिचे हात गार होते. एकदाही चुकले नाहीत. ओठांनी ती काहीतरी म्हणत होती, मला समजलं नाही आणि मी विचारलं नाही. इस्माईलभाईंनी कुणाची तरी अबाया घेऊन पडदा उचलला, आत पाहिलं आणि हळूच सोडून दिला.

"घट्ट झालं का?" तिने विचारलं.

"नाही ग," मी म्हटलं. "बरोबर आहे."

कानाच्या वर ते चांगलंच घट्ट होतं.